क्रीमच्या बॉक्सवर खोटं काहीच नसतं, तरी आपण फसतो ते कसं

तासगावच्या एका ताईंनी प्रश्न विचारलाय. धाकट्या बहिणीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय, तिनं ऑनलाइन साडेसहाशे रुपयांचं एक क्रीम मागवलं, बॉक्सवर लिहिलंय "डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड, १०० टक्के नॅचरल, केमिकल-फ्री, पॅराबेन-फ्री, ७ दिवसांत उजळ त्वचा". चार दिवस लावलं आणि पाचव्या दिवशी दोन्ही गालांवर लाल चट्टे, खाज. तर आलेला माल डुप्लिकेट आहे का, आणि लेबलवरचं खरं काय नि खोटं काय हे साध्या माणसानं ओळखायचं कसं?

ताई, आधी कामाचं. क्रीम आजपासून बंद. चेहरा नुसत्या पाण्यानं धुवा आणि त्यावर हळद-बेसन-लिंबू काहीही चोळू नका, घरातलं कुणी मोठं माणूस कितीही आग्रह करू दे. डोळ्यांभोवती सूज आली, पाणी सुटायला लागलं किंवा जळजळ वाढतच चालली तर वाट बघू नका, मिरज-सांगलीत स्किनच्या डॉक्टरांना काही तोटा नाही, लगेच दाखवा आणि जाताना ट्यूब आणि बॉक्स दोन्ही घेऊन जा. बॉक्स फेकला असेल तर कचऱ्याच्या डब्यातनं काढा, का ते पुढं सांगतो.

माझं म्हणाल तर बी.फार्म. करून आधी नऊ वर्षं कुपवाड एमआयडीसीत क्रीम-लोशन भरणाऱ्या एका युनिटमध्ये काम केलं आणि आता एकोणीस वर्षं विश्रामबागला मेडिकल चालवतोय. म्हणजे माल बनताना पण बघितलाय आणि काउंटरवर लोक तो कसा निवडतात ते पण रोज बघतोय. तुमच्या प्रश्नात मला काय दिसलं सांगू? बॉक्सच्या पुढच्या बाजूचे सगळे शब्द तुम्ही अगदी जसेच्या तसे लिहिलेत, पण मागच्या बाजूचा एकही शब्द नाही. ही काय तुमची चूक नाही, माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं असंच असतं. पुढची बाजू मार्केटिंगवाल्यानं लिहिलेली असते, मागची कायद्यानं लिहायला लावलेली असते म्हणून बारीक अक्षरात उरकलेली असते, आणि आपण वाचतो फक्त पुढची.

तेव्हा डुप्लिकेट आहे का याचं उत्तर मी इथनं देऊ शकत नाही. बहिणीला आधी कशाची अॅलर्जी होती का, त्याच आठवड्यात ब्लीच किंवा फेशियल केलं होतं का, आधी दुसरं कुठलं "गोरं करणारं" क्रीम लावत होती आणि ते बंद करून हे चालू केलं का, यावर बरंच अवलंबून आहे (हा शेवटचा मुद्दा लई महत्त्वाचा, त्याकडं परत येतो). पण एक सांगतो, माल शंभर टक्के ओरिजिनल असला तरी हे सगळं होऊ शकतं. बॉक्सवरचा एकही शब्द कायद्याच्या भाषेत खोटा नसतानाही होऊ शकतं.

कसं ते माझ्याच अनुभवातनं सांगतो. आमच्या त्या युनिटमध्ये एक हळद-चंदन क्रीम बनायचं, दुसऱ्या कुणाच्या नावानं विकलं जायचं, आम्ही फक्त भरून द्यायचो. बॉक्सवर हळकुंडाचा असा झकास फोटो की आमच्या मार्केट यार्डातल्या राजापुरी हळदीच्या सौद्यात पण असला माल दिसायचा नाही. आणि दोनशे किलोच्या बॅचमध्ये हळदीचा अर्क पडायचा शंभर ग्रॅम. हिशोब करा, ०.०५ टक्के झाला, म्हणजे पन्नास ग्रॅमच्या ट्यूबमध्ये २५ मिलिग्रॅम. त्याला चिमूटभर म्हणणं सुद्धा जास्त होईल. पिवळा रंग यायचा तो वेगळ्या डब्यातल्या रंगानं. वर गंमत म्हणजे तोच बेस, तोच मिक्सर, फक्त वास आणि रंग बदलून संध्याकाळच्या शिफ्टला "केसर" क्रीम व्हायचं. आता "हळदीच्या गुणांसह" हे वाक्य खोटं होतं का? नाही. हळद होती की. किती होती हे कुणी विचारलंच नव्हतं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, इथला व्यापारी हळद घेताना कांडी मोडून रंग बघतो, वास घेतो, कुरकुमिन (हळदीला पिवळा रंग देतं ते) किती टक्के विचारतो, आणि त्याच व्यापाऱ्याच्या घरात बाथरूममध्ये हे असलं क्रीम पडलेलं असतं. मला नेहमी हसू येतं.

म्हणून माझी सवय अशी झालीय की पुढच्या बाजूचा प्रत्येक शब्द वाचला की मनात विचारायचं, किती? कुणी ठरवलं? आणि कशाच्या तुलनेत? तुमच्या बॉक्सवरचेच शब्द घेऊ.

"डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड". याचा अर्थ एवढाच की कुठंतरी, कधीतरी, स्किनच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही लोकांच्या त्वचेवर हे लावून बघितलं. बहुतेक वेळा पाठीवर किंवा हातावर छोटी पट्टी चिकटवतात, एक-दोन दिवसांनी काढून लाली आली का बघतात. किती लोक होते, त्यांची त्वचा कसली होती, किती जणांना त्रास झाला, हे बॉक्सवर नसतं. परीक्षेला बसलो होतो असं सांगणं आणि मार्क न सांगणं, तसला प्रकार. आणि ती टेस्ट त्रास होतोय का याची असते, गुण येतो का याची नव्हे, पण आपण वाचताना "डॉक्टरांनी पास केलंय" असं वाचतो. "हायपोअॅलर्जेनिक"चं पण तेच. अमेरिकेत १९७५ मध्ये सरकारनं हा शब्द वापरायला नियम लावून बघितला, कंपन्या कोर्टात गेल्या आणि १९७७ मध्ये तो नियमच रद्द झाला. तेव्हापासून हा शब्द मोकळाच फिरतोय.

"क्लिनिकली प्रूव्हन" किंवा "९२ टक्के महिलांना फरक दिसला" असं असेल तर शेजारी एक बारकी चांदणी असते. ती चांदणी बॉक्सच्या खाली शोधा, भिंग लागलं तरी घ्या. तिथं सापडतं की एवढ्या-एवढ्या महिलांनी स्वतःच फॉर्म भरून सांगितलं की त्यांना असं "वाटलं". मोजलं काहीच नाही. आणि तुलना कशाशी, तर बऱ्याचदा काहीच न लावलेल्या त्वचेशी. अहो, कोरड्या गालावर खोबरेल तेल लावलं तरी फरक दिसतोच की.

"नॅचरल" या शब्दाला आपल्याकडं कॉस्मेटिकसाठी कायद्यात व्याख्याच नाही, आणि "केमिकल-फ्री"वर तर बोलायलाच नको, पाणी पण केमिकलच आहे. शिवाय नॅचरल म्हणजे बिनत्रासाचं हे कुणी सांगितलं? बिब्बा नॅचरलच आहे, लावून बघा गालाला. सुगंधी तेलं, लिंबाच्या सालीचं तेल, दालचिनीचा अर्क यांनी चेहरा उतलेली गिऱ्हाईकं मी कितीतरी बघितलीत, आणि प्रत्येक जण म्हणतो पण हे तर हर्बल होतं.

"पॅराबेन-फ्री"ची गोष्ट मात्र जरा नीट समजून घेण्यासारखी आहे. पॅराबेन म्हणजे क्रीम नासू नये म्हणून टाकतात ते. २००४ साली ब्रिटनमध्ये एका अभ्यासात स्तनाच्या २० गाठी तपासल्या, त्यात पॅराबेन सापडले, आणि जगभर बोंब झाली. त्या अभ्यासात शेजारची निरोगी पेशी तपासून तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळं गाठ झाली असंही त्यात सिद्ध झालेलं नव्हतं, पण बातमी पसरायची ती पसरली. कंपन्यांनी पॅराबेन काढले. पण क्रीममध्ये पाणी आहे म्हटल्यावर बुरशी तर धरणारच, मग काहीतरी दुसरं टाकायला लागतं. बऱ्याच जणांनी मिथाइलआयसोथायाझोलिनोन (Methylisothiazolinone) नावाचं वापरलं, आणि त्यानं लोकांना एवढ्या अॅलर्जी व्हायला लागल्या की अमेरिकेतल्या त्वचारोग तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली त्याला "अॅलर्जन ऑफ द इयर" म्हणून जाहीर केलं आणि युरोपात २०१७ पासून लावून ठेवायच्या क्रीममधून ते बंद झालं. म्हणजे भीतीपोटी जुनं, त्रास कमी देणारं काढलं आणि जास्त त्रास देणारं घातलं. तेव्हा कुठल्याही "फ्री"वर माझा पहिला प्रश्न असतो, ते काढलं, ठीक, मग त्याच्या जागी काय घातलं? तुमच्या बहिणीच्या ट्यूबवर मागं हे लांबलचक नाव आहे का बघा, लाल चट्ट्यांचं एक कारण तिथंच सापडू शकतं. दुसरं कारण "परफ्यूम" किंवा "फ्रेग्रन्स" हा एक शब्द, त्याच्या पोटात कधी कधी पन्नास वस्तू असतात आणि त्या एकेक लिहायची सक्ती नसते.

आता मागची बाजू. आपल्याकडं कॉस्मेटिक्स रूल्स २०२० आहेत, त्यानुसार एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहायला लागतात, म्हणजे सगळ्यात जास्त जे आहे ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, पण कुठल्याही क्रमानं. इथंच खरी मेख आहे. केशर ०.००१ टक्का आणि दुसरं काहीतरी ०.९ टक्का असलं तरी केशर आधी लिहिता येतं. मग ही एक टक्क्याची रेघ ओळखायची कशी, तर युनिटमधली जुनी युक्ती सांगतो, यादीत फिनॉक्सीइथेनॉल (Phenoxyethanol) शोधा. ते टिकवण्यासाठी घालतात आणि त्याची मर्यादाच एक टक्का आहे. त्याच्या नंतर जे जे लिहिलंय ते सगळं एक टक्का किंवा त्याच्या आत. बॉक्सवर ज्याचा फोटो आहे ते फिनॉक्सीइथेनॉलच्या खाली सापडलं की समजायचं, फोटो मोठा, माल छोटा. मात्र कमी म्हणजे बिनकामाचं असंही नेहमी नसतं, काही घटक थोडेच लागतात. नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) मात्र साधारण २ ते ५ टक्के असावं लागतं, ते शेपटीला असेल तर शोभेचंच. आणि एक पळवाट, ३० ग्रॅमच्या आतल्या क्रीमला आणि ६० मिलीच्या आतल्या लोशनला ही यादी छापायची सक्ती नाही. म्हणून "ट्रायल पॅक घेऊन बघते" म्हणणाऱ्याला मागं वाचायलाच काही मिळत नाही.

"९९ टक्के प्युअर अॅलोवेरा जेल" हे तर माझं आवडतं. कोरफडीचा गर मुळातच जवळजवळ ९९ टक्के पाणी असतो. कारखान्यात येते ती त्याची सुकी पावडर, एक भाग पावडर आणि १९९ भाग पाणी कालवलं की "अॅलोवेरा ज्यूस" तयार. मग त्यात घट्ट करणारं घाला, हिरवा रंग घाला. घरातल्या कुंडीतली कोरफड कापून बघा, आतला गर हिरवा नसतो, पाण्यासारखा असतो.

आयुर्वेदिक लायसन्सवर बनलेल्या क्रीमचं जरा वेगळं आहे आणि खरं म्हणजे सोपं आहे. तिथं "प्रत्येक १० ग्रॅममध्ये हरिद्रा २० मिग्रॅ, मंजिष्ठा १० मिग्रॅ" असं वजनासकट लिहिलेलं असतं. आता १० ग्रॅम म्हणजे १०,००० मिलिग्रॅम, त्यात हरिद्रा म्हणजे हळद २०, म्हणजे ०.२ टक्के. चौथीतल्या पोराला पण येईल हे गणित, पण कुणी करत नाही. खाली "क्रीम बेस – क्यू.एस." लिहिलेलं असतं, म्हणजे उरलेलं सगळं तेच.

हिरव्या ठिपक्याचं पण एकदा सांगून टाकतो, तो शाकाहारीचा आहे, २०१४ पासून साबण-शाम्पू-क्रीमवर पण येतो, त्याचा हर्बलशी काही संबंध नाही. आणि ट्यूबच्या शेपटीला जी रंगीत पट्टी असते, हिरवी म्हणजे नॅचरल नि काळी म्हणजे केमिकल असा मेसेज दर सहा महिन्यांनी येतो, तो कृपा करून पुढं पाठवू नका. ती पट्टी मशीनच्या डोळ्यासाठी असते, ट्यूब नेमकी कुठं वळवून सील करायची ते सेन्सरला कळावं म्हणून. मी ते मशीन तीन वर्षं चालवलंय.

आता खरा मुद्दा, "७ दिवसांत उजळ". त्वचेचा वरचा थर बदलायला साधारण चार आठवडे लागतात, तेव्हा सात दिवसांत रंग बदलतो म्हटल्यावर मी जरा सावध होतो. साधी शक्यता अशी की आत टिटॅनियम डायऑक्साइड आहे, पांढरा रंगच तो, लावला की उजळ, धुतला की होता तसा. निरुपद्रवी आहे. दुसरी शक्यता स्टेरॉइड.

याबद्दल मी काही साळसूद नाही. दुकान चालू केलं तेव्हा ज्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन (हेच ते स्टेरॉइड) असं तिहेरी मिश्रण असतं ती पोरी "गोरं व्हायची क्रीम" म्हणून नावानं मागायच्या आणि मी चिठ्ठी न बघता द्यायचो, सगळेच देत होते. पंधरा दिवसांत चेहरा असा तुकतुकीत व्हायचा की गिऱ्हाईक बहिणीला पण घेऊन यायचं. मग वर्षभरानं तीच पोरगी यायची, गालावर लाल शिरा दिसतायत, पिंपल्स, ओठावर लव वाढलेली, उन्हात गेलं की आग, आणि क्रीम एक दिवस बंद केलं की चेहरा पेटतो म्हणून ते सोडवत नाही. डॉक्टर लोकांनी याला नावच ठेवलंय, स्टेरॉइडनं बिघडलेला चेहरा. अशी दोन-तीन उदाहरणं माझ्याच गल्लीतली झाल्यावर मी थांबलो. २०१८ मध्ये सरकारनं पण स्टेरॉइडची क्रीमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करून टाकली. तेव्हा ट्यूबवर लाल उभी रेघ आणि "आरएक्स" (Rx) असेल तर ते कॉस्मेटिक नाही, औषध आहे. मैत्रिणीनं, पार्लरवाल्या ताईनं, कुणीही दिलं तरी. मघाशी विचारलं ना, बहिणीनं आधीचं काही बंद करून हे चालू केलं का, ते याचसाठी. कधी कधी दोष नव्या क्रीमचा नसतोच, जुनं सुटल्यामुळं चेहरा पेटलेला असतो. तसं असेल तर स्वतःच्या मनानं परत चालू पण करू नका आणि गपचूप सहन पण करू नका, डॉक्टर ते टप्प्याटप्प्यानं सोडवतात.

तिसरी शक्यता पारा. पारा रंगद्रव्य बनायचं थांबवतो म्हणून झटपट उजळ दिसतं आणि अंगात जाऊन किडनीला त्रास देतो. आपल्या नियमात त्याला मनाई आहे, नकळत आला तरी दहा लाख भागांत एक भाग, म्हणजे किलोला एक मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, डोळ्यांच्या मेकअपला तेवढी थोडी सवलत. तरी केरळात मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये डॉक्टरांना किडनीच्या एका आजाराचे पेशंट एकापाठोपाठ सापडायला लागले आणि धागा निघाला तो गोरं करायच्या क्रीमपर्यंत. असल्या डब्यांवर बहुतेक वेळा बनवणाऱ्याचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर नसतो, बाहेरच्या देशातला असेल तर इथल्या आयात करणाऱ्याचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर नसतो. लग्नघरासाठी एक खास खूण सांगतो, सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका अशी सूचना कुठं दिसली तर डबा सरळ बाजूला ठेवा, पारा सोन्याला धरतो म्हणून ती सूचना असते.

"एफडीए अॅप्रूव्ह्ड" वाचून पण हुरळून जाऊ नका. आपल्या राज्याचं अन्न व औषध प्रशासन कारखान्याला बनवायचं लायसन्स देतं, क्रीम गोरं करतं का याचं सर्टिफिकेट कुणी देत नाही. आणि "फेअर" शब्द गेला म्हणून काही बदललं असंही नाही, फेअर अँड लव्हलीचं २०२० साली ग्लो अँड लव्हली झालं, बाकीच्यांनी पण ब्राइट, ग्लो, रेडिअन्स असे शब्द घेतले. ग्लो मोजायला माप नाही, त्यामुळं तो दिला नाही असंही कुणाला सिद्ध करता येत नाही.

सनस्क्रीनचं एवढंच सांगतो, एसपीएफ ३० उन्हातले त्वचा भाजणारे किरण साधारण ९७ टक्के अडवतं आणि ५० साधारण ९८, तेव्हा १०० छापलंय म्हणून दुप्पट पैसे देऊ नका, त्यापेक्षा दोन बोटं भरून लावा. तो आकडा जाड थर लावून काढलेला असतो, आपण लावतो वाटाण्याएवढं.

नवीन काही घेतलंच तर कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ सात दिवस लावून बघा, मगच चेहरा. नवरीला तर लग्नाआधी महिनाभर नवीन काहीच नको असं मी सांगतो, आहे तेच मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. पार्लरवाल्या माझ्यावर चिडतात, चिडू देत.

तक्रार करायची असेल तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि माल संशयास्पद वाटला तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात लेखी द्या. खोट्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा तसंच केलं तर पन्नास लाखांपर्यंत. पण त्यासाठी बिल, बॉक्स, उरलेलं क्रीम आणि चेहऱ्याचे तारखेसकट फोटो पाहिजेत, म्हणून म्हटलं कचऱ्यातनं काढा.

तर ताई, आता एक करा. बॉक्सची मागची बाजू खिडकीपाशी उजेडात धरा, घटकांची यादी, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि बनवणाऱ्याचा पत्ता वाचता येईल असा फोटो पाठवा, आणि बहिणीला एकटीला बाजूला घेऊन विचारा की याच्या आधी काय लावत होतीस. आईसमोर विचारू नका, सांगायची नाही ती.